ग्रामवाचक आडनावे आणि सुटलेले गाव

आडनावावरून माणसाचे गाव कळते, हा महाराष्ट्रातील एक रूढ समज आहे. देगलूरकर म्हटले की देगलूरचा, औसेकर म्हटले की औशाचा, असा हिशेब सहज मांडला जातो, आणि वाङ्मयेतिहासाच्या किंवा चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात लेखकाचे 'मूळ गाव' त्याच आधारावर नोंदवले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. ग्रामवाचक आडनाव गाव सांगते हे मान्य केले, तरी ते कोणते गाव सांगते हा प्रश्न उरतोच. बहुसंख्य उदाहरणांत ते माणूस राहत असलेले गाव नसून त्याने किंवा त्याच्या पूर्वजांनी सोडलेले गाव असते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील नावांकडे या दृष्टीने पाहिले, तर आडनावांच्या अभ्यासाची आजवरची दिशा बदलण्याची गरज लक्षात येते.

कारण साधे आहे. नाव हे वेगळेपण दाखवण्यासाठी असते. ज्या गावात सगळेच नांदेडचे, तेथे एखाद्याला 'नांदेडकर' म्हणून ओळखण्याचे प्रयोजनच उरत नाही. तो हैदराबादला नोकरीस गेला, पंढरपुरास जाऊन राहिला, पुण्यात शिकावयास गेला, म्हणजे तेथील लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखू लागतात. अर्थात हे नाव त्याने स्वतः घेतलेले नसते. परक्या ठिकाणच्या शेजाऱ्यांनी ते त्याला दिलेले असते. मराठीत '-कर' या प्रत्ययाचे दोन उपयोग आजही शेजारी शेजारी नांदतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पाणीटंचाईने हैराण झालेले 'नांदेडकर' येतात तेव्हा तो शब्द रहिवासीवाचक असतो. शाळेच्या हजेरीपटावर 'नांदेडकर' येतो तेव्हा तो कुलवाचक असतो. पहिल्या अर्थाने नांदेडात लाखो नांदेडकर आहेत. दुसऱ्या अर्थाचा नांदेडकर जन्मास येण्यासाठी मात्र कोणाला तरी नांदेड सोडावे लागले.

ही गोष्ट मराठीपुरती मर्यादित नाही. फ्रान्समध्ये 'पिकार' हे आडनाव प्रचलित आहे. त्याचा अर्थ पिकार्डी प्रांताचा माणूस. पिकार्डीत सगळेच पिकार, म्हणून तेथे हे नाव कोणास चिकटण्याचे कारण नव्हते. ते चिकटले पिकार्डीबाहेर. प्रख्यात गणितज्ञ एमिल पिकार यांचा जन्म १८५६ मध्ये झाला तो पॅरिसमध्ये. 'लनॉर्मां' म्हणजे नॉर्मंडीचा, 'लब्रतों' म्हणजे ब्रिटनीचा, 'लांग्ल्वा' म्हणजे इंग्रज, 'लालमां' म्हणजे जर्मन, ही सर्व फ्रेंच आडनावे एकाच तत्त्वाने घडलेली आहेत. इंग्रज म्हणवून घेण्यासाठी इंग्लंडच्या बाहेर यावे लागते, हे कोणासही पटेल; लातूरकर म्हणवून घेण्यासाठी लातूरच्या बाहेर यावे लागते, हे मात्र आपल्याकडील कुलवृत्तान्तकारांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

लातूरच्या बाबतीत या तत्त्वाचा एक फार जुना पुरावा उपलब्ध आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (इ. स. ८१४ ते ८७८) याच्या काळच्या शिरूर येथील ८६६ च्या शिलालेखात त्याला 'लट्टलूर' या श्रेष्ठ नगराचा अधिपती असे बिरुद लावलेले आढळते. अ. स. आळतेकर यांनी हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर अशी ओळख पटवली आणि ती सामान्यतः स्वीकारली गेली आहे. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, अमोघवर्षाची राजधानी लातूर नव्हती. ती मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, येथे होती. पुढे सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानेही हेच बिरुद मिरवले, आणि त्यांचे राज्य तर बेळगाव परिसरात होते. म्हणजे ज्यांचा लातूरशी प्रत्यक्ष राज्यकारभाराचा संबंध उरलेला नव्हता, त्यांनीच लातूरचे नाव सर्वांत अभिमानाने आपल्या नावापुढे लावले. बिरुद आणि आडनाव या दोन भिन्न संस्था आहेत, हे मान्यच. अमोघवर्षाला 'पहिला लातूरकर' म्हणणे ही थट्टा होईल. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेली मानसिक क्रिया एकच आहे: गाव सुटल्यानंतर ते नावात साठवून ठेवण्याची.

या पार्श्वभूमीवर अर्वाचीन उदाहरणे पाहावीत. वारकरी परंपरेतील थोर प्रवचनकार धुंडामहाराज देगलूरकर यांचे नाव ज्ञानेश्वरीच्या निरूपणाशी आणि पंढरपूरशी जोडले गेले आहे. त्याच परंपरेतून आलेले मंदिरस्थापत्य आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांची कर्मभूमी पुणे. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील एका तालुक्याच्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात दुमदुमले, ते त्या गावातून बाहेर पडलेल्या घराण्यामुळे.

नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. कुरुंदा हे वसमत तालुक्यातील गाव, आज ते हिंगोली जिल्ह्यात येते. कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. त्यांचे अध्यापन, लेखन, व्याख्याने आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद हे सर्व नांदेडला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले ते औरंगाबादेस, व्याख्यानाच्या व्यासपीठावर. नांदेडशी इतका एकजीव झालेला दुसरा विचारवंत दाखवणे कठीण. तरीही त्यांचे नाव नांदेडचे नाही, जन्मगावाचेही नाही; ते त्यापूर्वीच्या एका गावाचे आहे. आडनावावरून लेखकाचा 'प्रदेश' ठरवणाऱ्या समीक्षकाला हे एकच उदाहरण सावध करण्यास पुरेसे आहे.

आता या नावांच्या घडणीकडे वळता येईल, कारण भाषाभ्यासाच्या दृष्टीने खरी समृद्धी तेथे आहे. लातूर, देगलूर यांसारख्या ग्रामनामांच्या अंती येणारा 'ऊर' हा कन्नड-तेलुगू भाषांत गाव या अर्थाचा शब्द आहे. त्याला मराठी '-कर' जोडला की एकाच आडनावात दोन भाषाकुले एकत्र येतात: गाव द्राविडी, गावकरी मराठी. देगलूरकर हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याला याची जाणीवही नसते, आणि तशी ती नसणे हेच या प्रदेशातील भाषासंकराचे वैशिष्ट्य होय.

याहून सूक्ष्म प्रश्न 'औसेकर' आणि 'निलंगेकर' या रूपांचा आहे. गाव औसा, त्याचे सामान्यरूप 'औशा' ('औशाला', 'औशाहून'). मग आडनावात 'औसे-' कोठून आले? निलंगा या गावाचेही तसेच. उलट सातारा या गावावरून सातारकर झाले, कुरुंद्यावरून कुरुंदकर; तेथे अंत्य 'आ' लोप पावला, त्याचा 'ए' झाला नाही. व्याकरणातील एकच नियम या सर्व रूपांचा उलगडा करीत नाही. एक तर्क असा संभवतो की, पुणे, ठाणे यांच्याप्रमाणे ही गावेही जुन्या बोलीत एकारान्त, म्हणजे 'औसें', 'निलंगें' अशी उच्चारली जात असावीत आणि आकारान्त रूप नंतर दफ्तरातून दृढ झाले असावे. हा तर्क मोडी कागदपत्रांतील ग्रामनामांशी ताडून पाहावा लागेल. तो टिकला तर त्याचा अर्थ असा होईल की, गावाने स्वतःचे जे जुने नाव टाकून दिले ते गाव सोडून गेलेल्यांनी आपल्या आडनावात जपले. असे घडू शकते याची साक्ष शेजारच्याच जिल्ह्यात आहे. उस्मानाबादचे अधिकृत नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. 'धाराशिवकर' हे आडनाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले होते.

निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असल्याने या प्रश्नात आणखी एक गुंता शिरतो. उर्दू लिपीत शब्दाच्या मध्यभागी 'ई' आणि 'ए' यांसाठी एकच अक्षर, तसेच 'ऊ' आणि 'ओ' यांसाठीही एकच अक्षर. 'निलंगेकर' लिहिलेले 'निलंगीकर' वाचता येते, 'चाकूर' लिहिलेले 'चाकोर'. तेव्हा जुन्या दफ्तरातील नाव आजच्या नावाशी जुळते किंवा जुळत नाही, असा निर्णय देणाऱ्याने प्रथम लिपीचा विचार केला पाहिजे.

सर्वच ग्रामवाचक नावांना '-कर' लागतो असेही नाही. नांदेड जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग तेलुगू प्रदेशाला लागून आहे. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव व्यक्तिनामाच्या आधी येते आणि गावाचे नाव पुष्कळदा प्रत्ययाविनाच वापरले जाते. १९५२ पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या बूर्गुल रामकृष्णराव यांच्या नावातील 'बूर्गुल' हे गाव आहे. मराठी मुलखात ते 'रामकृष्णराव बूर्गुलकर' झाले असते. सीमेवरील या पद्धतीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे 'कोत्तापल्ले' हे आडनाव. नागनाथ कोत्तापल्ले यांचा जन्म १९४८ मध्ये मुखेड येथे झाला. पुढे ते कथा-कादंबरीकार, समीक्षक, औरंगाबादच्या विद्यापीठाचे कुलगुरू आणि २०१३ च्या चिपळूण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेलुगूत 'कोत्त' म्हणजे नवे आणि 'पल्ले' म्हणजे खेडे. कोत्तापल्ले म्हणजे नवेगाव. फ्रेंचांच्या 'व्हिलनव्ह' या आडनावाचा आणि इंग्रजांच्या 'न्यूटन'चाही अर्थ तोच. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर तेलुगू अर्थाचे आडनाव विराजमान झाले आणि कोणासही ते परके वाटले नाही, यात मराठवाड्याचा सारा इतिहास आला.

'-वार' हा प्रत्ययही याच सीमेची देणगी. गादेवार, चिद्रावार अशी नावे नांदेडात सर्वपरिचित आहेत. यवतमाळ-चंद्रपूरकडे मुनगंटीवार, वडेट्टीवार ही त्यांची भावंडे. तेलुगूतील 'वारु' हे आदरार्थी बहुवचन, 'अमक्या घराण्याची मंडळी' अशा अर्थाचे. मराठीने त्यातील अंत्य स्वर गाळला आणि प्रत्यय आपलासा केला. असे असूनही मराठी आडनावांची व्युत्पत्ती सांगू पाहणारे हौशी लेखक या नावांकडे वळले की प्रथम संस्कृत धातू शोधू लागतात. या सवयीचे मूळ दूरवर जाते. वि. का. राजवाडे यांची प्रतिभा अलौकिक होती. पण प्रत्येक देशी शब्दाच्या मुळाशी संस्कृत रूप असलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह शिष्यांच्या हाती केवळ खेळ बनला. 'कोत्तापल्ले'तील 'कोत्त' याचा 'कोट' करून त्यात एखादा किल्ला उभा करणे अवघड नाही. अवघड आहे ते शेजारच्या बोधनच्या बाजारात जाऊन तेलुगू माणसाला शब्दाचा अर्थ विचारणे, आणि आडनावांच्या अभ्यासकाने नेमके तेच केले पाहिजे.

येथवर मांडलेल्या तत्त्वाला एक ठळक अपवाद लातूर जिल्ह्यातच सापडतो, आणि तो लपवून चालणार नाही. १९८५-८६ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी निलंगा सोडले नव्हते. लोकसभेचे अध्यक्ष आणि पुढे देशाचे गृहमंत्री झालेले शिवराज पाटील यांचा जन्म चाकूरचा आणि लोकसभेतील प्रतिनिधित्व लातूरचे. मग निलंगेकर, चाकूरकर ही नावे कशी आली? उत्तर 'पाटील' या शब्दात आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही मुळात वतनांची नावे. वतने गेली, नावे राहिली, आणि ती इतक्या घराण्यांत पसरली की वेगळेपण दाखवण्याचे त्यांचे सामर्थ्य संपले. विधिमंडळात किंवा संसदेत अनेक पाटील एकत्र बसू लागले तेव्हा ग्रामनामाची जोड अपरिहार्य झाली. म्हणजे येथेही नावाची गरज गावाबाहेरच निर्माण झाली: चाकुरात त्यांना कोणी चाकूरकर म्हणण्याचे कारण नव्हते, दिल्लीत होते. अपवाद वाटणारे उदाहरण अखेर नियमाच्याच बाजूने साक्ष देते. निलंगेकर हे जोडनाव तर पुढील पिढ्यांकडे वारशाने आले आणि आज ते पूर्ण अर्थाने आडनाव आहे.

एखादे आडनाव अधिक लोकांचे का असते, या प्रश्नाचे उत्तरही यातूनच मिळते. दोन्ही जिल्ह्यांत कोणत्याही मतदारयादीची पाने उलटली तर पाटील, जाधव, शिंदे, पवार, कांबळे, गायकवाड, वाघमारे, सूर्यवंशी, शेख, पठाण हीच नावे पुनःपुन्हा समोर येतात. ही कुळांची, पदांची, समूहांची नावे आहेत. ती मुख्यतः जेथल्या तेथे राहिलेल्यांची नावे आहेत. ग्रामवाचक नाव एका घराण्यापुरते, फार तर एका स्थलांतरापुरते असते, म्हणून ते विरळच राहणार. फ्रान्समध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव 'मार्तां' हे असेच, संत मार्टिनच्या नावावरून आलेले, कोणत्याही एका गावाला न बांधलेले आहे. लोकप्रिय आडनाव लोकांना प्रिय असते असे नव्हे.

आडनाव स्थिर कधी होते? ते कागदावर चढते तेव्हा. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी बंधनकारक झाल्या आणि क्रांतीनंतर २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास मनाई झाली. भारतभूमीवरही फ्रेंच कायद्याने आडनावे घडवली आहेत. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमान्वये पुदुच्चेरीतील ज्या भारतीयांनी आपला वैयक्तिक धर्माधारित कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा पत्करला, त्यांना स्वतःसाठी आडनाव निवडावे लागले, आणि अनेकांनी फ्रेंच वळणाची नावे घेतली. त्या नावांवरून त्यांच्या घराण्याचे मूळ फ्रान्समध्ये शोधणारा माणूस वेड्यात निघेल. मराठवाड्यात आडनाव कागदावर चढवण्याचे काम मुख्यतः शाळेने केले. मुलाला प्रथम शाळेत घालताना मास्तरांनी जे विचारले आणि पालकाने जे सांगितले, किंवा पालकाला काहीच न सुचल्याने मास्तरांनी जे स्वतः लिहिले, तेच पुढे दाखल्यावर, सनदेवर आणि वारसांच्या नावांवर कायम झाले.

शाळेच्या पटावर घडलेल्या नावांपैकी सर्वांत मोठे नाव अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. घराण्याचे आडनाव सकपाळ. कोकणातील आंबडवे या गावावरून 'आंबडवेकर' आणि त्यातून पुढे 'आंबेडकर'. १८९१ मध्ये त्यांचा जन्म झाला तो महू येथील लष्करी छावणीत. आंबडवे पूर्वजांकडे राहिले होते, नाव मुलाकडे आले. '-कर' हा ब्राह्मणी आडनावांचा प्रत्यय आहे हा समज या एका नावानेच निकालात निघावयास हवा होता. वस्तुतः ब्राह्मण, मराठा, लिंगायत, दलित अशा सर्व समाजांत तो आढळतो. गावाचे नाव जात सांगत नाही, आणि म्हणूनच जातवाचक ओळखीपासून अंतर ठेवू पाहणाऱ्यांना ते सोयीचेही वाटले असावे. नावाचे मोल किती असते हे मराठवाड्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला तेव्हा नांदेड जिल्ह्यातील खेड्यांत घरे जळाली. नाव प्रत्यक्ष लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी.

आज हा विषय पुन्हा एकदा दफ्तरात येऊन पोचला आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा जातदाखल्यांच्या संदर्भात शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूत शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु जुन्या नोंदीतील नाव आणि आजचे आडनाव यांच्या साम्यावर जेव्हा एखाद्या कुटुंबाचा हक्क अवलंबून राहतो, तेव्हा आडनावाचा अभ्यास हा फावल्या वेळचा विनोद राहत नाही. जुना कागद माणसाला कधी बापाच्या नावाने, कधी वतनाने, कधी गावाने ओळखतो. आडनाव जुळले म्हणून वंश जुळतो, किंवा जुळले नाही म्हणून वंश तुटतो, ही दोन्ही अनुमाने सारखीच कच्ची आहेत. हे सांगण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला आहे, आणि त्याने तो आजवर वापरलेला नाही.

ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात, त्याचे नाव या संदर्भात मनोवेधक आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. तेव्हा जन्मगाव एक, आडनावातील गाव दुसरे आणि कार्य मराठवाड्यात, हा क्रम त्यांच्याही बाबतीत दिसतो. संन्यास घेताना त्यांनी खेडगीकर हे नाव सोडले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले ते आडनाव नसलेल्या या नावाने.

मराठी विभागांना या कामी करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशयाद्या हाताशी असतात. त्यांतील ग्रामवाचक आडनावे वेगळी काढून प्रत्येक विद्यार्थ्याने घरी तीनच प्रश्न विचारावेत: नावातील गाव नेमके कोणते, कारण एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात, ते कोणत्या पिढीत आणि कशामुळे सुटले, दुष्काळाने, नोकरीने, सावकारीने की रझाकारांच्या धामधुमीत, आणि हे आडनाव प्रथम कोणी व कोठे लिहिले. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांत तेलुगू जाणणारा, आणि उदगीर, देवणी, निलंगा येथे कन्नड जाणणारा एक सहकारी सोबत असावा. आडनावाशिवाय शाळेत गेलेली आणि मास्तरांनी नाव दिलेली पिढी आता नव्वदीच्या घरात आहे. तिची साक्ष प्रथम नोंदवून घ्यावी. प्रवेशयाद्या नंतरही सापडतील.